फरशीवरची डावखुरी

माझी ताई कुठेही गेली की आधी खाली बघते. माणसांकडे नंतर, तेही वेळ उरला तर. लहानपणी आईला वाटायचं, पोर लाजरी आहे. लाजरी कसली डोंबलाची! डॉक्टर विचारतायत कुठे दुखतंय, आणि ही तापाने फणफणलेली कार्टी दवाखान्याच्या लादीकडे बोट दाखवून सांगतेय, "हा चौकोन फिरवून बसवलाय, नक्षी चुकलीय." डॉक्टरांनी औषध दिलं आणि आईला हळूच म्हणाले, डोकं दुखतं का तेही विचारत जा अधूनमधून. त्या दिवसापासून घरात तिचं नाव पडलं 'फरशी'. पुढे ती विद्यापीठात कला-इतिहास शिकवायला लागली, मध्ययुगातली भित्तिचित्रं आणि त्याहून जुन्या मोझेकच्या फरशा यांवर देशोदेशी व्याख्यानं देऊन आली, विभागप्रमुख झाली. तरी कोणी फोनवर अदबीने विचारलं, "प्राध्यापकबाई आहेत का?" की मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचे, "फरशे, तुझा फोन!"

मोझेक म्हणजे दगडाचे, विटेचे, काचेचे नखाएवढे रंगीत तुकडे चुन्यात बसवून जमिनीवर काढलेलं चित्र. जुन्या काळी लोकांना वेळ होता. अशा चित्रावर ते चालायचे, सांडायचे, पुसायचे. मग कधीतरी घर पडायचं, वर माती बसायची, आणि माझ्या बहिणीसारखं कोणीतरी जन्माला येईपर्यंत ते चित्र खाली निवांत पडून राहायचं. तिने लग्न केलं नाही. का गं, विचारलं तर म्हणायची, "माणसं फार हलतात."

मी धाकटी. मी गाडी शिकवते. माझी ड्रायव्हिंगची शाळा आहे, म्हणजे दोन गाड्या, एक खोली आणि माझा आवाज. शिकणारे येतात ते गोड हसत येतात आणि जातात ते मला मनातल्या मनात शिव्या देत जातात, पण गाडी शिकून जातात. ताई तेवढी माझ्या हातून सुटली. ती रस्त्याकडे बघायचीच नाही, रस्त्याच्या दगडांकडे बघायची. "क्लच!" मी ओरडायचे. "क्लच, फरशे, क्लच! पालथ्या घड्यावर पाणी!" गाडी गचका खाऊन बंद. मागे भोंग्यांचा कल्लोळ. आणि ही बाई थंडपणे सांगायची, "हा चौक आधी गोल होता बघ, कडेचे दगड अजून वळतायत." परीक्षेत इतक्यांदा नापास झाली की परीक्षकच तिला नावाने ओळखायला लागला. शेवटी मीच तिला नेऊ-आणू लागले. विद्यापीठात मला सगळे तिची ड्रायव्हर समजायचे, आणि मी समजू दिलं. ड्रायव्हरला व्याख्यानाला बसावं लागत नाही.

आणि मी डावखुरी आहे. हे आत्ताच सांगून ठेवते.

आमची एक आत्या होती. शिस्तीची. ती राहायला आली की जेवणाच्या टेबलाशी माझ्यावर पहारा. मी डाव्या हातात चमचा घेतला की तिचा चमचा माझ्या बोटांवर टक्. "त्या हाताने जेवतात का? माणसासारखं जेव." मी रडवेली व्हायचे, उजव्या हाताने सांडायचे, सांडलं म्हणून पुन्हा टक्. आई मूग गिळून बसायची, नणंद ना ती. एकदा माझ्या बरोब्बर समोर बसलेल्या ताईने, एक शब्द न बोलता, आपला चमचा डाव्या हातात घेतला. ती पक्की उजवी. अर्धं जेवण फ्रॉकवर, उरलेलं हनुवटीवर. आत्या किंचाळली, "अगं बाई, आता हिलाही लागण झाली!" ताई सांडत राहिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. आत्या आमच्याकडे असेपर्यंत ती एकदाही उजव्या हाताने जेवली नाही, आणि शेवटी आत्याच दमली. पोरीचे कपडे धुणार कोण! मी त्या वेळी ताईला थँक्यू वगैरे म्हटलं नाही. उलट, तुला सांडायला जमत नाही, असं म्हटलं.

आता तिची ती फरशी.

गावाबाहेरच्या एका शाळेच्या आवारात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणत होते. कुदळीला रंगीत खडे लागले. विद्यापीठातून एक प्राध्यापक धावत गेले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. खाली अख्खी फरशी निघाली. मधोमध निळ्या वस्त्रातली एक बाई हातातल्या सुरईतून पाणी ओततेय आणि बदकांची एक लांब रांग त्या पाण्याकडे निघालीय. सरांनी भराभर फोटो काढले, प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मच्या स्लाइड केल्या, नकाशा काढला. पण छप्पर बांधायला कोणाकडे काही नव्हतं, आणि उघडी राहिली तर ऊन-पाऊस खाऊन टाकणार. म्हणून त्यांनी या मंडळींत नेहमी करतात तेच केलं: फरशीवर कापड, कापडावर वाळू, वाळूवर माती. यांच्यात जपायचं म्हणजे पुरायचं! टाकी दुसरीकडे गेली आणि त्या बाईच्या डोक्यावर शाळेची पोरं वर्षानुवर्षं चेंडू आपटत राहिली. ताई तेव्हा स्वतःच शाळेत होती. तिने फरशी पाहिली नाही. नंतर कोणीच पाहिली नाही.

पुढे ताई सरांच्या हाताखाली संशोधन करायला लागली. सर भले माणूस. त्यांचं पेन कायम गळायचं, आणि शर्टाच्या खिशावर, अगदी काळजापाशी, एक शाईचा डाग असायचा. शर्ट बदलायचा, डाग नाही. तर विभागाच्या तळमजल्यावर एकदा नळ फुटला. सुट्टीचे दिवस, कोणाला पत्ता नाही. सरांचे नकाशे आणि टिपणं यांचा लगदा झाला. स्लाइड तेवढ्या बिस्किटांच्या डब्यात होत्या म्हणून वाचल्या, पण ओल्या, बुरशी आलेल्या, चौकटी फुगलेल्या. सरांनी डबा ताईच्या हातात दिला. तिने फिल्मचे ते इवलेसे तुकडे बाहेर काढले, धुतले, आमच्या खिडकीत दोरी बांधली आणि माझ्या केसांच्या क्लिपा लावून वाळत घातले. मी क्लिपांवरून थयथयाट केला. "एवढ्या वर्षांची कला वाचतेय आणि तुला क्लिपांचं पडलंय!" म्हणाली. मग नव्या चौकटीत एकेक तुकडा बसवला. कुठली बाजू पुढे हे चुकू नये म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात लाल ठिपका द्यायचा असतो. तो ठिपकाही तिनेच दिला.

आणि मग विभागाच्या अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लावल्यावर तिला दिसलं: बाई डाव्या हाताने ओततेय!

घरी आली ती उड्या मारत. मी तिला उड्या मारताना दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही. टेकडीवरच्या जुन्या मठात मध्ययुगातलं एक भित्तिचित्र आहे. त्यातही निळ्या वस्त्रातली बाई पाणी ओतते, आणि तीही डाव्या हाताने. जुन्या चित्रांत डाव्या हाताने ओतणारी बाई म्हणजे दुर्मीळ गोष्ट. ताई म्हणाली, दोन्हींचा संबंध आहे. मठाच्या चित्रकाराने ही फरशी पाहिली असणार, किंवा पाहणाऱ्याकडून शिकला असणार. मधली शेकडो वर्षं एका डाव्या हाताने जोडली! तिने सरांना दाखवलं. आता गंमत बघा, सरांनी ती फरशी गुडघ्यावर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "अरे वा! मला तेव्हा दिसलंच नाही!" ही जमात अशी आहे. पायाखालची फरशी खोटी असेल, पडद्यावरची कशी खोटी असेल?

त्यावर तिचा प्रबंध झाला, प्रबंधाचं पुस्तक झालं, पुस्तकाचं नाव झालं. पहिल्या पानावर छापलं होतं: 'धाकटीला. तिच्यामुळे दिसलं.' बास, एवढंच. मी पुस्तक पुढे वाचलं नाही, पण पहिलं पान इतक्या जणांना दाखवलं की ते सुटून आलं. हळूहळू गावातही 'डावखुरी' पसरली. डावखुरी चहा, डावखुरी सलून. मग मी कशी मागे राहीन? मी मोठी पाटी रंगवून घेतली, 'डावखुरी ड्रायव्हिंग स्कूल', वर निळी बाई, डाव्या हातात सुरई. गिऱ्हाइकं विचारायची, मॅडम, पाणी का ओततेय? मी म्हणायचे, रेडिएटरमध्ये.

दुसऱ्या विद्यापीठातले एक प्राध्यापक तेवढे या सगळ्याला बधले नाहीत. त्यांना मी 'खोकला' म्हणायचे, कारण शंका काढण्याआधी ते खोकायचे. प्रत्येक परिषदेत ताईचं बोलणं संपलं की मागून खो-खो, आणि मग, "बाई, पण प्रत्यक्ष फरशी आपल्यापैकी कोणी पाहिलेली नाही." दरवेळी तेच. मला वाटायचं, जळतो मेला. एकदा पावसात स्टेशनपर्यंत सोडता का म्हणाले, मी गाडीत जागा नाही म्हटलं. मागची अख्खी सीट रिकामी होती. आणि मजा म्हणजे वर्गात ताई स्वतः विद्यार्थ्यांना हेच विचारून रडवायची. कोणी कुठल्या चित्राबद्दल काही बोललं की चष्म्यावरून बघत, "तू स्वतः पाहिलंस का?" पोरं तिला चळचळा कापायची. उंटावरून शेळ्या हाकू नका, म्हणायची. स्वतः मात्र उंटावरच बसली होती, आणि उंट चांगला पुस्तकाएवढा जाड होता.

ताई निवृत्तीला आली आणि त्याच वर्षी फरशी उघडायचं ठरलं. शाळा नव्या इमारतीत गेली. जागेवर छप्पर झालं, काचेचे पूल झाले, शेजारी काचेच्या भिंतीचं सभागृह झालं, बाहेर तिकिटाची खिडकी, तिकिटावर डावखुरी. उद्घाटनाला मोठे साहेब येणार, आणि मुख्य व्याख्यान ताईचं. जन्मभर जिच्यावर बोलली, तिच्याच शेजारी उभं राहून बोलायचं. तिने नवा चष्मा केला. मी म्हटलं, फरशीला दाखवायला का? तर हसली. भाषणाचा कागद तिने इतक्यांदा वाचून दाखवला की माझाही पाठ झाला.

फरशी साफ करणारी मुलगी ताईचीच जुनी विद्यार्थिनी. तिने कडेची नक्षी उघडली होती, बदकं उघडली होती, पण मधल्या बाईवर कापड तसंच ठेवलं होतं. ते ताईनेच काढायचं, हा मान तिचा. म्हणून उद्घाटनाच्या सकाळी, माणसं यायच्या आत, मी ताईला घेऊन गेले.

आत थंडगार. ओल्या मातीचा वास. आम्ही चपला बाहेर काढल्या. ताई फळीवर गुडघे टेकून बसली, मुलीने एक टोक धरलं, हिने दुसरं. कापड सरकलं तसे आधी पाय दिसले, मग निळं वस्त्र, मग सुरई, मग सुरई धरलेला हात.

मी दिवसभर लोकांना ओरडून डावं-उजवं शिकवते. मला कळणार नाही?

तो उजवा हात होता.

ताई उठली, फळीवरून चालत पलीकडच्या बाजूला गेली आणि तिकडून वाकून बघितलं, जणू तिकडून हात बदलेल. मग परत आली. मग उगाच स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून बघितले. आमच्या शिकाऊ पोरांनी गाडी खांबावर घातल्यावर ती असेच हात बघतात.

"बाई," मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बदकंही उलटीकडे निघालीयत. मला वाटलं, मीच चुकीच्या बाजूला उभी राहतेय. तुमचं पुस्तक चुकलं असेल हे मनातच आलं नाही."

"यायला हवं होतं," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा. "मीच शिकवलं होतं ना तुला, स्वतः बघ म्हणून? मग बघितल्यावर पुस्तकावर कसला विश्वास ठेवतेस?"

मुलगी हुशार होती हो. नाक पुसलं आणि लगेच म्हणाली, "पण बाई, हे उलट तुमच्या बाजूचंच आहे! जुने चित्रकार चित्रावर कागद ठेवून रेषा उतरवायचे आणि तो कागद भिंतीवर पालथा दाबायचे. पालथा दाबला की चित्र उलटं होतं. म्हणजे इथली उजवी बाई मठाच्या भिंतीवर डावीच होणार! त्याने ही फरशी नुसती पाहिली नाही, तिच्यावरून छापच घेतला. तुमचं म्हणणं आणखी पक्कं झालं!"

मी त्या पोरीला मिठीच मारली. "ऐकलंस? झालं काम! भाषणात एवढं घाल. तो खोकला खोकून खोकून मरेल!"

ताई फळीवर बसली. तिच्या डोळ्यांत जरा चमक आली होती, मी पाहिली. ती तसलं जुळवण्यात पटाईत. ते तर तिच्या डाव्या हाताचा मळ. बराच वेळ ती बाईच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फार आवडलं मला हे. म्हणूनच नको."

"म्हणूनच नको म्हणजे? डोकं फिरलंय का?"

"असा कागद कोणी पाहिलाय? नाही ना? काल मी डावीला डावी म्हणून जोडत होते, आज उजवीला डावी म्हणून जोडायचं. उद्या हिच्या दोन्ही हातांत सुरई निघाली असती तरी मी जोडलंच असतं. मग मी संशोधन करत नव्हते, सोयरीक जुळवत होते."

घरी परतताना गाडीत मी तिला झापझाप झापलं. साहेब येणार, वर्तमानपत्रवाले येणार, सगळ्यांच्या हातात डावखुरीचं तिकीट, आणि तिकडे खाली उजवी बाई. तुझ्या आयुष्यभराच्या कामाचं हसं होणार. काहीतरी बोलावंच लागेल ना? मी म्हटलं, "बरं, पोरीचं नको तर नको. सरांच्या माथी मार. स्लाइड त्यांच्या. ते काही आता भांडायला येत नाहीत."

"सरांचा खिसा," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"एका स्लाइडमध्ये सर उभे आहेत, फरशीच्या कडेला, कमरेवर हात ठेवून. मी ती दरवर्षी वर्गात दाखवते, पोरांना हसवायला. त्यात शाईचा डाग काळजापाशी नाही, त्यांच्या उजव्या बाजूला आहे." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "मी लोकांना शिकवते, वस्त्राच्या घड्या बघा, चुणी कुठल्या बाजूला पडते बघा. आणि सरांचा खिसा मला दिसला नाही. सरांनी बरोबरच काढल्या होत्या स्लाइड. दोरीवर मी वाळत घातल्या. पहिली उलटी बसवली, आरशातल्यासारखी, आणि मग कडा जुळतात म्हणून बाकीच्या तिच्याप्रमाणे. ठिपके माझे आहेत."

मी गाडी बाजूला घेतली. आमच्या खिडकीतली ती दोरी आठवली, माझ्या क्लिपा आठवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढं मोठं नाव, परदेशातली व्याख्यानं, तिकिटाची खिडकी, आणि मुळाशी काय, तर धुतलेल्या कपड्याची उलटी घडी घातल्यासारखी चूक! मला हसू फुटलं. ताई माझ्याकडे बघून हसायला लागली आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. ती रडते तेव्हा खालीच बघते. मी तिला रुमाल दिला. गाडीच्या काचा पुसायचा होता, पण तिने तोंड पुसलं.

दुपारी सभागृह भरलं. साहेब बोलले, साहेबांचे साहेब बोलले. मी तिसऱ्या रांगेत. माझं धाबं दणाणलेलं. माझ्यामागे दोन रांगा सोडून ओळखीचं खोकणं. काचेपलीकडे लोक आधीच माना वाकवून तिकीट आणि फरशी, फरशी आणि तिकीट बघत होते आणि कुजबुजत होते. ताई उठली. भाषणाचा कागद तिने माझ्याकडेच ठेवला होता.

"फरशी बरोबर आहे," ती म्हणाली. "पुस्तक उलटं आहे. मी उलटं लिहिलंय."

मग तिने सगळं सांगितलं. नळ, बिस्किटांचा डबा, दोरी, क्लिपा, लाल ठिपका, सरांचा खिसा. सरांचा यात काही दोष नाही, हे दोनदा सांगितलं. मठाचं चित्र आणि ही फरशी यांचा संबंध आहे असं म्हणायला आता माझ्याकडे काहीही नाही, म्हणाली. काही लोक हसले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मला त्या सगळ्यांना एकेक करून गाडीखाली घालावंसं वाटत होतं.

आणि मागे खो-खो झालं.

झालं, म्हटलं, आला! आयुष्यभर टपून बसला होता, आता घेणार समाचार. मी अर्धी उठलेच होते. पण खोकला उभे राहिले ते टोपी हातात घेऊन, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता. "बाई, मला खरंच जाणून घ्यायचंय. मी ती स्लाइड पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला खटकलं ते फक्त एवढंच. सगळ्या जुन्या चित्रांत माणसं उजव्या हाताने ओततात. समोर डाव्या हाताने ओतणारी बाई आल्यावर आपल्यापैकी कोणीही आधी स्लाइड फिरवून बघितली असती. तुमच्यासारखीने तर नक्कीच. तुम्हाला ती एकदाही विचित्र वाटली नाही?"

ताईने पहिल्यांदाच मान वर केली. फरशीकडे नाही, खोकल्याकडे नाही. तिसऱ्या रांगेकडे.

"नाही वाटली," ती म्हणाली. "आमच्या घरी जेवताना माझ्यासमोर अशीच एक बसायची. तिला बघत मोठी झाले. मला तो हात बरोबरच वाटला."

मी पाण्याची बाटली उघडून पाणी पीत होते, म्हणजे पीत असल्याचं दाखवत होते. शेजारच्या बाईने माझ्या हाताकडे पाहिलं. मी मुद्दाम तो हात बदलला नाही.

खोकला मग म्हणाले, "आभारी आहे," आणि न खोकता खाली बसले.

निघायला संध्याकाळ झाली. बाहेर तिकिटं घेतलेली पोरं दोन्ही हातांनी सुरई ओतायची नक्कल करत होती. खोकला फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. मी गाडी थांबवून मागचं दार उघडलं. स्टेशनवर उतरेपर्यंत ते आणि ताई बदकांच्या चोचीवर भांडत होते. दोघंही खुशीत.

ते उतरल्यावर मी म्हटलं, "माझ्या पाटीचं काय करू? रंगाऱ्याला बोलवून हात बदलून घेऊ?"

"का? शाळा डावखुरीचीच आहे ना? तुझ्या पाटीवर खोटं काय आहे?"

"आणि पुस्तक?"

"पुस्तक गेलं रद्दीत. प्रकाशकाला उद्या कळवते, पुन्हा छापू नका."

मग धीर करून विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला झोप लागली नसती. "मग ते पहिलं पान? 'तिच्यामुळे दिसलं'? ते तर साफ उलटं झालं की. माझ्यामुळे तुला दिसलंच नाही. आत्याच्या चमच्यापासून तू माझी बाजू घेत आलीस आणि शेवटी तीच तुला भोवली."

ताईने नवा चष्मा काढला, माझ्या त्या काच पुसायच्या रुमालाने पुसला आणि परत घातला.

"त्या पुस्तकात तेवढंच एक वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. "ते कापून ठेवणार आहे मी."

मी गाडी सुरू केली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, आणि जन्मभर ज्या पायाने पोरांना शिकवलं तोच पाय माझा भलतीकडे पडला. गाडीने गचका खाल्ला आणि भर रस्त्यात बंद पडली. मागे भोंग्यांचा कल्लोळ.

ताई खाली माझ्या पायांकडे बघत होती.

"क्लच," ती म्हणाली.